माळ्यावरची द्राक्षं

ये गं शलाका, बस अशी जवळ. आणि तो फोन पालथा ठेव. नाही, खरंच ठेव. रविवारी बोलताना तू एका कानाने माझं ऐकतेस आणि दुसऱ्या कानाने ट्रॅक्टरवाल्याचं, हे मला कळत नाही असं वाटतं का तुला? "आई, विल कॉल यू बॅक," म्हणतेस आणि तो बॅक काही येत नाही. म्हणून यंदा आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला मी पाककृती दिली नाही, हे लिहून दिलं. अंक तुला पोचतोच. आणि छापलेल्या आईला मध्येच कट करता येत नाही.

वाचणाऱ्या बायांनो, शलाका माझी लेक. जन्मली सांगलीत, वाढली इथे शारजात, आणि आता इटलीत, तोस्काना म्हणून मुलूख आहे तिथे, एका जुन्या घराण्याच्या द्राक्षमळ्यावर वाइन करते. हो, वाइनच. इतकी वर्षं आमच्या घरात हा शब्द पाहुणे गेल्यावर बोलायचो. शारजात बाटली आणायला बंदी, आणि आमच्या घरात पाहुण्यांसमोर बाटलीचं नाव काढायलाही बंदी. शलाका दुबईच्या हॉटेलात वाइन वाढायच्या कामावर होती, तेव्हा दुबई-शारजाच्या ट्रॅफिक जॅममधून रडतखडत घरी पोचायची आणि हॉटेलचा शर्ट खाली गाडीतच बदलून मग वर यायची. तिच्या बाबांना ते माहीत होतं. कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "फूड लाइनमध्ये आहे." आणि लगेच क्रिकेटवर जायचे.

आज हे सगळं का आठवलं, ते सांगते. परवा सकाळी बाल्कनीचं दार उघडलं. मे महिन्यापासून ते बंदच होतं. काचेवर बाहेरून दव साचून ओघळ उठले होते. हवा अंगाला लागली आणि ती चटका देणारी नव्हती. मग एसी बंद केला. घर असं एकदम शांत झालं की इतके महिने किती आवाज होता ते तेव्हा कळलं. इथले अरब म्हणतात, सुहैल तारा उगवला की उन्हाचं कंबरडं मोडतं. मला तो तारा कधी ओळखता आला नाही. मी आपली बाल्कनीच्या दारावरून ऋतू ओळखते.

म्हटलं, खाली जाऊन यावं. ग्रोसरीवाल्या मल्याळी अण्णांनी दारातच द्राक्षांची पेटी मांडली होती. लांबट, पिवळसर हिरवी. पेटीवर देशाचं नाव होतं इटली. "अम्मा, टेस्ट करो, एकदम मीठा है," म्हणून त्यांनी एक मणी हातावर ठेवला. दात लागला, जाड साल फुटली, रस पसरला, आणि मी तिथे साबणाच्या वड्या आणि खुबूस रोट्यांच्या पाकिटांमध्ये उभी राहून रडायला लागले. अण्णा बिचारे घाबरले. "खट्टा है क्या, अम्मा?" म्हणाले.

खट्टा नव्हता रे बाबा. गोडच होता.

त्या वर्षीचा ऑक्टोबर आठवला, दुसरं काय. तू दुबईची नोकरी सोडून त्या मळ्यावर एका सुगीपुरती शिकायला गेली होतीस, आणि आम्हा दोघांची तिकिटं पाठवली होतीस. बाबा हटून बसले. "दारूच्या कारखान्यात माझं काय काम?"

"कारखाना नाही, बाबा. इट्स अ फार्म," तू फोनवरून म्हणालीस.

"मग तर मुळीच नाही. फार्म सोडूनच आलोय मी इथे."

ते खरंच होतं. तासगावच्या बाजूला त्यांच्या वडिलांची द्राक्षबाग होती, बेदाण्याची शेड होती. वाटण्या झाल्या, बाग चुलत्यांकडे गेली, आणि हे वेल्डिंग शिकून इकडे आले. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात वर्कशॉपमध्ये लागले ते फोरमन होऊनच बाहेर पडले. इतक्या वर्षांत द्राक्षाबद्दल बोलले नाहीत. बाजारात द्राक्षं घ्यायची झाली तर मीच घ्यायची. हे शेजारी उभे राहून दिरहमचे रुपये करायचे, हाय खायचे आणि कांदे निवडायला लागायचे.

पण आले. तिकीट परत होत नाही म्हणून आले असं म्हणाले.

त्या मळ्याचं वर्णन काय करू! टेकडीच्या माथ्यावर दगडी घर, त्याला एक चौकोनी बुरूज, बुरुजाला टेकून इवलंसं देऊळ. भाल्यांसारखी उभी काळपट झाडं. आणि उताराउतारावर वेली, वेलींची पानं अशी पेटलेली, लाल, तांबडी, हळदी. मी वाळवंटात आयुष्य काढलेली बाई. पान पिकून एवढं सुंदर होतं हे विसरले होते. हवेत आंबूस वास. तू म्हणालीस, रस आंबतोय. मला तर इडलीच्या पिठाची आठवण झाली. पण तुझ्या त्या तज्ज्ञ मंडळींसमोर बोलले नाही.

बाबा गाडीतून उतरले, वेलीकडे बघितलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाले? "हे उलटंच आहे. ऑक्टोबरात तोडणी? ऑक्टोबर म्हणजे छाटणी." सांगलीकडे या दिवसांत वेली छाटून उघड्याबोडक्या करतात, आणि हे लोक टोपल्या भरत होते. बाबा दिवसभर तेच म्हणत राहिले, उलटं आहे, उलटं आहे. मी ओळखलं. माणूस वेलीशी बोलायला लागला होता.

मळ्याची मालकीण सिन्योरा, म्हणजे बाईसाहेब. ऐंशीच्या पुढची, पायात गमबूट, कानात मोती. तिचं घराणं त्या टेकडीवर किती पिढ्या आहे ते तिलाच मोजून सांगता येईना. बोटं संपली की हात हवेत उडवायची. तिने आम्हाला तळघर दाखवलं. थंडगार, भिंतींना ओल, खोलीएवढी मोठी लाकडी पिंपं, त्यात लाल वाइन मुरत पडलेली. एका जाळीच्या दारामागे धुळीने माखलेल्या बाटल्या. त्यांच्याकडे पद्धत अशी, की घरात मूल जन्मलं की त्या वर्षीच्या बाटल्या त्याच्या नावाने बाजूला ठेवायच्या. त्याच्या लग्नाला उघडायच्या, त्याच्या पोराच्या बारशाला उघडायच्या. एक कप्पा अगदी भरलेला होता, एकही बाटली हललेली नव्हती. बाबांनी विचारलं, हा का भरलेला? तू विचारून सांगितलंस, "तिच्या धाकट्या भावाचा. ही डाइड यंग." तिने जाळीतून हात घालून एका बाटलीवरची धूळ थोडीशी पुसली आणि बोट पदराला... पदर कुठला, एप्रनला पुसलं.

मला मात्र तळघरापेक्षा माळा आवडला. घराच्या कौलांखाली लांबच लांब माळा, आणि आढ्यापासून खालपर्यंत द्राक्षांचे घड टांगलेले. शेकडो. वाळत घातलेले. त्यातून उन्हाची तिरीप आली की मणी आतून दिवा लावल्यासारखे दिसायचे. त्यांची एक गोड वाइन असते, विन सांतो म्हणतात. त्यासाठी द्राक्षं हिवाळाभर अशी माळ्यावर सुकवायची, मग पिळायची, आणि तो दाट रस छोट्या छोट्या पिंपांत भरून, तोंड लाखेने बंद करून, वर्षानुवर्षं तिथेच माळ्यावर ठेवायचा. उन्हाळ्यात तापतो, हिवाळ्यात गारठतो. कुणी उघडायचं नाही, चाखायचं नाही. वाइन काढली तरी पिंपाच्या तळाचा दाट गाळ तसाच ठेवतात आणि नवा रस त्याच्यावर ओततात. "म्हणजे विरजण!" मी म्हणाले. तू हसलीस, पण सिन्योराला हातवारे करून सांगितल्यावर तिने माझा गालगुच्चा घेतला.

आणि बाबा? बाबा माळ्याच्या दारातच थांबले होते. आत येईनात. मी वळून बघितलं तर डोळे मिटून नुसता वास घेत होते.

मग तो धुक्याचा दिवस आला. वाचणाऱ्यांना सांगायला हवं. मी सकाळी आपल्या इथून नेलेल्या पत्तीचा चहा ठेवला होता, आणि बाबा कुठे दिसेनात. तेवढ्यात वरून आरडाओरडा. सिन्योरा गमबुटांसकट जिना चढत ओरडत होती, "ला नेब्बिया! ला नेब्बिया!" म्हणजे धुकं. आम्ही मागोमाग पळालो. बघते तर आमच्या गृहस्थांनी माळ्याच्या झाडून सगळ्या खिडक्या सताड उघडलेल्या. दरीतलं धुकं टेकडी चढून थेट आत शिरलेलं, घडाघडांतून फिरत होतं, आणि हे मधोमध उभे, हात कमरेवर, चेहरा समाधानी.

त्यांचंही बरोबर होतं हो. बेदाण्याच्या शेडला भिंतीच नसतात. वारा हवा, जेवढा जास्त तेवढा बेदाणा हिरवा आणि झटपट. पाऊस नाही ना? मग उघडा! धुकं त्यांच्या हिशेबातच नव्हतं. तासगावात बेदाणा व्हायचा तो फाल्गुन-चैत्राच्या उन्हात.

सिन्योरा इटालियनमधून बोलतेय, हे मराठीतून. "अहो बाई, वारा नको का? कोंडून कुजवताय तुम्ही माल!"

तू मध्ये. "आई, मी काय ट्रान्सलेट करू हिला?"

"सांग, चुकलं म्हणावं."

"बाबा, प्लीज, जस्ट से सॉरी."

"सॉरी कशाचं? बंद खोलीत बेदाणा होतो का कुठे?"

मग सिन्योरा ओरडायची थांबली. तिने बाबांचा हात धरला आणि एका घडावर ठेवला. घड ओला होता. बाबांची बोटं मण्यांवरून फिरली, आणि त्यांचा चेहरा असा उतरला! ओल्या घडाचं पुढे काय होतं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी स्वतःच खिडक्या लावल्या. एकेक, हळू, आवाज न करता.

आणि बुरशी आलीच. सगळीकडे नाही, खिडक्यांजवळच्या रांगांना. दुसऱ्या दिवसापासून बाबा तिथे खुर्ची टाकून बसले. बारीक कात्री घेऊन एकेक खराब मणी काढायचे. तू तुझं काम आटपून दुसरी खुर्ची टाकायचीस. मी खालून चहा घेऊन जायचे आणि दारातच थांबायचे, आत गेले तर थांबेल असं वाटायचं. काय थांबेल? बोलणं तर फारसं नव्हतंच. दोन कात्र्यांचा आवाज, आणि मधूनच एखादं वाक्य.

"मला सांग शलू, तू ती वाइन तोंडात घेऊन थुंकतेस?"

"हो बाबा. ऑल डे."

"पितही नाहीस, आणि पगार घेतेस?"

"हो."

"वर्कशॉपात असं चाललं नसतं." थोडा वेळ कात्री. "मग कळतं कसं तुला, बरी का वाईट?"

"सगळं नाकातच असतं, बाबा. जीभ नंतर."

"असं होय. मग मलाही येईल की."

आमच्या निघण्याआधी सिन्योराने जेवायला बोलावलं. शेवटी जुन्या विन सांतोची बाटली काढली आणि इवल्या पेल्यांत ओतली. मधाच्या रंगाची. तिने एक पेला बाबांसमोर ठेवला. तू म्हणालीस, "नो नो, ही डझन्ट..." पण बाबांनी पेला उचलला होता. माझ्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि इतका वेळ तसेच बसले की सिन्योरानेही काटा खाली ठेवला.

"शेड बंद करायच्या दिवशी असा वास यायचा," ते म्हणाले. "माल भरून गेलेला. जाळ्यांना चिकटलेले चार मणी राहायचे, आणि वडील म्हणायचे, राहू दे, चिमण्यांना."

मग पेला तुझ्यापुढे सरकवला. "मला वास पुरे. तू घे."

तू तो घोट थुंकली नाहीस. मी बघत होते.

धुकं लागलेली ती द्राक्षं सिन्योराने वेगळी पिळायला सांगितली आणि त्यांचा रस एका छोट्या पिंपात वेगळा भरला. तिथले लोक त्याला 'इंडियनचं पिंप' म्हणतात, हे तूच सांगितलंस. आणि त्या सुगीनंतर तू परत राहायला आलीच नाहीस, तिथलीच झालीस.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. आम्ही परत आल्यावर मंडळाच्या कोजागरीला कुणीतरी नेहमीप्रमाणे विचारलं, काय म्हणते लेक? मी क्रिकेटची वाट बघत होते. तर बाबा दुधाचा पेला हातात धरून म्हणाले, "इटलीत बेदाण्याच्या शेडवर आहे. काम चोख आहे तिचं." आणि मग अर्धा तास त्या रास अल खैमाहून आलेल्या पाहुण्यांना धुकं कसं वाईट, वारा कधी द्यायचा, कधी अडवायचा, सांगत बसले. वाइन हा शब्द त्यांच्या तोंडून गेला नाही तो नाहीच. पण द्राक्ष हा शब्द परत आला.

गेल्या वर्षी जुलैत बाबा गेले. बाहेर आग ओकत होती, आणि हॉस्पिटलात इतकं गार की मी त्यांच्या पायांवर माझी शाल घातली होती. तू आलीस. चार दिवसांची रजा काढून आलीस, आणि ते चारही दिवस हॉलमधल्या सोफ्यावर झोपलीस, आतल्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस. जाताना दारात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, "आय कान्ट, आई. आय जस्ट कान्ट बी इन धिस हाउस." मी म्हटलं, जा. खरंच मनापासून म्हटलं.

त्याला आता दोन सुग्या झाल्या. एकदा तोडणी होती, एकदा पिळणी होती, एकदा सिन्योराची तब्येत. सगळं खरं असणार. शेताला सुट्टी नसते हे तासगावच्या सुनेला कुणी शिकवू नये.

पण बाळा, बाबांच्या नावावरचा माझा व्हिसा एकदा वाढवून मिळाला, आता वाढत नाही. डिसेंबरअखेर घर सोडायचं आहे. सांगलीला मामाच्या शेजारी फ्लॅट घेतलाय, लिफ्ट आहे, बरा आहे. तू म्हणालीस, "कम हिअर, आई, लिव्ह विथ मी." येईन, पाहुणी म्हणून येईन. सिन्योराला भेटायचंच आहे. पण मुलीच्या घरी जाणं वेगळं आणि मुलगी घरी येणं वेगळं.

त्या टेकडीवर एका घराण्याच्या बाटल्यासुद्धा पिढ्यान्‌पिढ्या जागेवरून हलत नाहीत. आणि आम्ही? ज्या घरात तुझे दात पडले, तुझी दहावी झाली, तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागे. करारात लिहिलंय, सोडताना भोकं बुजवून, पांढरा रंग मारून द्यायचं. गेल्या आठवड्यापासून मी तेच करतेय. देवाच्या फोटोचं भोक बुजवलं. कॅलेंडरचं बुजवलं. बाबांनी वर्कशॉपातून करून आणलेला स्टीलचा रॅक आमच्याच मजल्यावरच्या पठाणचाचांना द्यायचं ठरलंय, ते म्हणाले, "बाजी, यह तो हमारे बाद भी रहेगा." परवा तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आले आणि परत फिरले. तुझं कपाट मी उघडलेलं नाही. बाबांचंही नाही.

तुला वाटतंय, हे घर बघितलं नाही तर बाबा इथेच कुठेतरी, बाल्कनीत पेपर वाचत असतील. मलाही तसंच वाटायचं. म्हणून तर सव्वा वर्ष मी त्यांची खुर्ची हलवली नाही. पण ते पिंप तुझी वाट बघत माळ्यावर कितीही वर्षं राहील, लाख लावलेली आहे. घराला लाख लावता येत नाही. जानेवारीत इथे दुसऱ्या कुणाची तरी पोरं दप्तरं टाकतील, आणि मग तू दुबईला उतरलीस तरी टॅक्सीवाल्याला सांगायला पत्ता नसेल. माहेर भाड्याचं असलं की असं होतं, हे कुणी आधी सांगत नाही.

तेव्हा ऐक. तुझ्या वेली छाटणीला यायला अजून वेळ आहे. मी विचारून घेतलंय, तुझ्या त्या ट्रॅक्टरवाल्यालाच विचारलंय, त्या दिवशी फोन त्याने उचलला म्हणून. नोव्हेंबरात ये. सोफ्यावर झोप, आतल्या खोलीत नको जाऊस, माझं काही म्हणणं नाही. मी उकडीचे मोदक करीन, जेवशील, भांडशील, कपाटं उघडायची हिंमत झाली तर उघडू. माहेराहून पोरगी निघते तेव्हा मागे आई दारात उभी असते, हात हलवत. या वेळी मलाही तुझ्याबरोबरच निघायचंय, आणि ते दार मला एकटीने ओढून घ्यायचं नाहीये.

ये गं शलू. लवकर ये.